हृदयरोगतज्ज्ञ आणि हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवनाची मार्गदर्शक तत्त्वे : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

हृदयविकारावरील उपचारांत गेल्या शतकात जी प्रगती झाली तिचे श्रेय सामान्यतः हृदयरोगतज्ज्ञांना दिले जाते आणि ते बव्हंशी योग्यही आहे. विद्युत्हृदयालेख, हृदयापर्यंत नेण्याची नलिका, धमनीत बसवावयाचा स्टेंट या साधनांचा शोध कोणीही लावलेला असो, ती त्यांनी आपलीशी केली व रुग्णाच्या कामी आणली. परंतु हृदय अकस्मात थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे करावयाचे असते, म्हणजे छाती दाबणे आणि श्वास देणे, त्या क्रियेचा इतिहास मात्र या नामावळीत सहजासहजी बसत नाही. प्राणवायूवाचून मेंदू चार ते सहा मिनिटेच तग धरतो. त्यानंतरची हानी बहुधा भरून निघत नाही. एवढ्या अवधीत काय करावे याचे ज्ञान ज्यांनी घडविले त्यांत भूलतज्ज्ञ होते, शल्यविशारदांचे साहाय्यक होते, विद्युत् अभियंते होते, खेळणी बनविणारा एक कारखानदारही होता. हृदयरोगतज्ज्ञ या कथेत उशिरा येतात.

हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवनाची, म्हणजे सर्वपरिचित शब्दांत सीपीआरची, मार्गदर्शक तत्त्वे डॉक्टरांना कितपत ठाऊक असतात, याच्या पाहण्या गेल्या काही दशकांत अनेक देशांत झाल्या. त्यांचे निष्कर्ष बहुधा निराशाजनक असतात आणि त्यांवरून डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा अर्थ काढला जातो. हा अर्थ अपुरा आहे. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, हे ज्ञान वारंवार सापडले, वारंवार हरवले, आणि ते तज्ज्ञांच्याही हाती टिकत नाही हे प्रत्यक्ष मोजमापाने उघड झाल्यावरच मार्गदर्शक तत्त्वांना आजचे सुटसुटीत रूप आले.

अठराव्या शतकातील मंडळ्या

बुडालेल्या माणसाच्या तोंडात तोंडाने श्वास भरावा अशी शिफारस पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७४० साली केली होती. त्यापूर्वी, १७३२ मध्ये, स्कॉटलंडमधील अ‍ॅलोआ येथे विल्यम टॉसॅक या शल्यचिकित्सकाने कोळशाच्या खाणीत गुदमरलेल्या एका कामगाराला याच रीतीने शुद्धीवर आणले होते व तो वृत्तान्त १७४४ मध्ये प्रसिद्धही झाला होता. १७६७ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचविण्यासाठी मंडळी स्थापन झाली. शहरभर कालवे असल्यामुळे तिची गरज उघड होती. १७७४ मध्ये विल्यम हॉज आणि टॉमस कोगन यांनी लंडनमध्ये तशीच संस्था काढली व पुढे ती रॉयल ह्यूमेन सोसायटी म्हणून नावारूपास आली. या मंडळ्यांच्या सूचनांत श्वास भरण्याबरोबरच शरीर उबदार ठेवणे, अंग चोळणे आणि गुदद्वारावाटे तंबाखूचा धूर सोडणे असे उपायही असत. आजच्या वाचकाला शेवटच्या उपायाचे हसू येईल. परंतु लेखी सूचना तयार करणे, त्या सामान्य नागरिकांत वाटणे आणि वाचविणाऱ्यास बक्षीस देणे ही तिन्ही कामे या मंडळ्यांनी केली. मार्गदर्शक तत्त्वांची आद्य आवृत्ती म्हणून त्यांच्याकडे पाहण्यास हरकत नाही.

तोंडाने श्वास देण्याची पद्धत मात्र पुढील काळात मागे पडली. गंमत अशी की, तिला बाधा आली ती अज्ञानामुळे नव्हे, नव्या ज्ञानामुळे. उच्छ्वासात दूषित वायू असतो हे रसायनशास्त्राने सिद्ध केल्यावर तो दुसऱ्याला देणे अनेकांना अपायकारक वाटू लागले. शिष्टसंमतीचा प्रश्न होताच. मग भाते आले आणि भात्यांनंतर हात-पाय-पाठ हलवून श्वास घडविण्याच्या पद्धती आल्या. मार्शल हॉल यांची १८५६ ची, सिल्व्हेस्टर यांची १८५८ ची आणि शेफर यांची विसाव्या शतकाच्या प्रारंभीची पद्धत एकामागून एक पाठ्यपुस्तकांत शिरली. १९३२ मध्ये डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांनी आणखी एक पद्धत सुचविली. शंभर वर्षे शिक्षक शिकवीत राहिले, विद्यार्थी परीक्षा देत राहिले. या खटाटोपात फुप्फुसांत प्रत्यक्षात किती हवा जाते, याचे बेशुद्ध माणसावरील समाधानकारक मोजमाप १९५० च्या दशकापर्यंत झालेले नव्हते.

क्लोरोफॉर्म : हैदराबाद आणि ग्यॉटिंगेन

हृदय थांबण्याचा प्रश्न वैद्यकविश्वापुढे तातडीने उभा राहिला तो क्लोरोफॉर्ममुळे. जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. असे मृत्यू पुढे होतच राहिले. क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबविते की आधी हृदय, हा वाद जवळजवळ अर्धशतक चालला आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय हैदराबादेत लिहिला गेला.

हैदराबाद वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतले होते. त्या परंपरेनुसार क्लोरोफॉर्म देणाऱ्याने फक्त श्वासाकडे लक्ष द्यावयाचे असते, नाडीकडे नव्हे. या मताच्या सिद्धतेसाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाखाली १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला. आजचा मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात होता. इंग्लंडमधील टीकाकारांचे समाधान होईना, तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊन ‘लॅन्सेट’ला आपला प्रतिनिधी पाठविण्याचे आवाहन केले. त्यानुसार १८८९ च्या अखेरीस लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. हृदयावर होणाऱ्या औषधांच्या परिणामांचे ते मान्यवर अभ्यासक होते आणि येण्यापूर्वी त्यांचे मत लॉरींच्या विरुद्ध होते. शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांनंतर त्यांनी ते बदलले. क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो, हृदय नंतर. सबब नाडीवर बोट ठेवून बसण्याचे कारण नाही, असा निर्वाळा आयोगाने दिला.

प्रयोग प्रामाणिक होते, संख्या मोठी होती, निरीक्षकही पूर्वग्रह सोडणारा होता. तरीही निष्कर्ष अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे अनियमित कंपन, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, सुरू होऊन एकाएकी मृत्यू येऊ शकतो. अर्थात नाडी पाहण्याचे कारण होते. खोल भूल दिलेल्या प्राण्यांत ते दिसणे अवघड होते, एवढेच.

हैदराबादचा अहवाल युरोपात चर्चिला जात असतानाच जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे एक वेगळीच घटना घडली. तेथील शल्यविशारद फ्रान्झ क्यॉनिग हे क्लोरोफॉर्मने निपचित पडलेल्या रुग्णाची छाती मिनिटाला तीस-चाळीस वेळा दाबीत असत. उद्देश अर्थातच श्वास चालविण्याचा होता. त्यांचे साहाय्यक फ्रीड्रिख मास यांच्यावर १८९१ मध्ये असा प्रसंग आला तेव्हा नेहमीच्या गतीने काही साधेना. अस्वस्थ होऊन त्यांनी हृदयाच्या जागी जोरजोराने व भराभर, मिनिटाला १२० किंवा त्याहून अधिक वेळा दाबण्यास सुरुवात केली. बाहुल्या आकुंचित झाल्या, नाडी हाताला लागली, रुग्ण वाचला. दुसऱ्या एका रुग्णाच्या बाबतीतही त्यांना यश आले. हा वृत्तान्त १८९२ मध्ये बर्लिनच्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तो लपून राहिलेला नव्हता, फक्त पुढे गेला नाही. मिनिटाला १२० ही संख्या लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण ती या इतिहासात पुन्हा भेटते.

छाती उघडण्याचा काळ

मास यांची पद्धत मागे पडण्याचे एक कारण शल्यक्रियेच्या वाढत्या आत्मविश्वासात शोधावे लागते. मॉरित्झ शिफ यांनी १८७४ मध्ये प्राण्यांची छाती उघडून थांबलेले हृदय हाताने चोळून चालू केले होते. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे क्रिस्टियन इगेलस्रूड यांनी १९०१ मध्ये तेच एका स्त्रीरुग्णावर यशस्वीपणे केले. हृदय थांबले तर ते डोळ्यांनी पाहावे व हाताने चालवावे, यापेक्षा तर्कशुद्ध उपाय कोणता? पुढील साठ वर्षे हीच प्रमाण पद्धत राहिली. क्लीव्हलंडचे क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान हृदय थांबलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला विजेचा झटका देऊन ते पूर्ववत केले आणि त्यानंतर डॉक्टरांसाठी पुनरुज्जीवनाचे वर्गही चालविले. १९५३ मध्ये अमेरिकेत अशा बाराशे घटनांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील २८ टक्के रुग्ण वाचले होते.

हा आकडा वरवर पाहता चांगला आहे. परंतु अशा घटना प्रामुख्याने शस्त्रक्रियागृहातील होत्या, जेथे शल्यविशारद हातात चाकू घेऊन उभाच असतो. रुग्णालयाच्या साध्या दालनात, रस्त्यावर किंवा घरी हृदय थांबलेल्या माणसासाठी वैद्यकशास्त्राजवळ काही नव्हते. हृदयरोगतज्ज्ञ रोगाचे निदान अचूक करीत, हृदयालेख वाचीत, आणि रुग्ण डोळ्यांदेखत गेला तर मृत्यूची नोंद करीत.

बाल्टिमोर

ही कोंडी फोडण्याचे काम अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत, दोन वेगवेगळ्या प्रश्नांच्या निमित्ताने झाले.

पहिला प्रश्न श्वासाचा. जेम्स एलम या भूलतज्ज्ञाने १९५४ मध्ये दाखविले की, उच्छ्वासातील हवेत रुग्णाला पुरेल इतका प्राणवायू असतो. त्यांची गाठ पडल्यावर पीटर साफार यांनी बाल्टिमोर सिटी हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवकांना स्नायू शिथिल करणारे औषध देऊन, त्यांचा स्वतःचा श्वास बंद पाडून, जुन्या व नव्या पद्धतींची तुलना केली. मान मागे न वाकवता केलेल्या पाठ-हात पद्धतींत हवा फुप्फुसांत जातच नव्हती, कारण जीभ व घशाचे सैल स्नायू वाट अडवीत. तोंडाने दिलेला श्वास मात्र पोहोचत होता. हे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि शंभर वर्षांच्या पाठ्यपुस्तकांना निरोप द्यावा लागला.

दुसरा प्रश्न विजेचा होता. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार धक्का लागून मरत. वीज कंपन्यांच्या आर्थिक साहाय्याने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक विल्यम कूवेनहोवेन बाहेरून झटका देणाऱ्या यंत्रावर काम करीत होते. १९५८ मध्ये त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आले की, झटका देण्यासाठी कुत्र्याच्या छातीवर जड पट्ट्या दाबून धरल्या की, वीज सोडण्यापूर्वीच रक्तदाब किंचित चढतो. ज्या निरीक्षणाकडे प्रयोगातील क्षुल्लक गडबड म्हणून सहज दुर्लक्ष झाले असते ते या तरुण अभियंत्याने सोडले नाही. जेम्स ज्यूड या तरुण शल्यविशारदाने त्याचा रुग्णांच्या दृष्टीने अर्थ ओळखला. ९ जुलै १९६० रोजी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तिघांचा लेख आला. त्यात वीस रुग्णांचा वृत्तान्त होता, चौदा वाचले होते. छाती न उघडता, मिनिटाला सुमारे साठ वेळा, तीन ते चार सेंटिमीटर दाबावे आणि हे काम कोणीही, कोठेही, दोन हातांनी करू शकेल, असे प्रतिपादन त्यांनी केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेरीलँडमधील ओशन सिटी येथील वैद्यक संघटनेच्या सभेत श्वास व दाब या दोन्ही धारा एकत्र मांडल्या गेल्या.

या तिघांत एकही हृदयरोगतज्ज्ञ नव्हता, एलम आणि साफार हेही नव्हते. हे अपवादात्मक वाटले तरी त्यामागे कारण आहे. हृदयाच्या रोगांचे शास्त्र हृदयाच्या अंतर्रचनेकडे पाहत होते. पुनरुज्जीवनाचा प्रश्न मात्र रक्त व हवा काही काळ बाहेरून कशी खेळवावी, एवढाच होता. कूवेनहोवेन यांना जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयाने १९६९ मध्ये सन्मान्य डॉक्टर ऑफ मेडिसिन ही पदवी दिली.

हृदयरोगतज्ज्ञांचा प्रवेश

नवे तंत्र हाती आल्यावर हृदयरोगतज्ज्ञांनी जे केले ते थोडे नव्हते. एडिंबरोचे तरुण डॉक्टर डेस्मंड ज्युलियन यांनी १९६१ मध्ये असा प्रस्ताव मांडला की, हृदयविकाराचा झटका आलेले रुग्ण रुग्णालयभर विखरून ठेवण्याऐवजी एका दालनात आणावेत, त्यांच्या हृदयालेखावर सतत नजर ठेवावी आणि तेथील सर्व कर्मचाऱ्यांना छातीदाब शिकवावा. १९६२ पासून अमेरिकेत असे हृदय-दक्षता कक्ष उभे राहिले. कक्षांची खरी कसोटी अशी होती की, फिब्रिलेशन सुरू झाल्यावर डॉक्टर धावत येईपर्यंत वेळ निघून जाई. तेव्हा झटका देण्याचे काम परिचारिकेकडे सोपवावे लागले. फिलाडेल्फियाचे लॉरेन्स मेल्ट्झर यांनी त्याचा आग्रह धरला. डॉक्टरांचा म्हणून समजला जाणारा अधिकार दुसऱ्या हाती देणे हे त्या काळी धाडस होते. कक्षांचा उपयोग वाढला तो यंत्रांमुळे जितका तितकाच या हस्तांतरणामुळे.

बेलफास्टचे फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्ये हाच विचार रुग्णालयाबाहेर नेला. त्यांच्या रुग्णवाहिकेतील पहिले झटका-यंत्र सत्तर किलो वजनाचे होते आणि मोटारीच्या बॅटऱ्यांवर चाले. सिअ‍ॅटलचे हृदयरोगतज्ज्ञ लेनर्ड कॉब यांनी १९७२ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकून शहरातील सामान्य नागरिकांना शिकविण्यास आरंभ केला; पहिल्या दोन वर्षांत लाखाहून अधिक माणसे शिकली. नॉर्वेचे खेळणी-कारखानदार आस्मुंड लेर्दाल यांनी १९६० मध्ये बनविलेली ‘रिससी अ‍ॅन’ ही बाहुली नसती तर ते शक्य झाले नसते. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत बुडालेली मानल्या गेलेल्या एका अज्ञात तरुणीच्या मुखवट्यावरून घेतलेला आहे.

या उत्साहाच्या तुलनेत अधिकृत मार्गदर्शनाची चाल सावध होती. मेरीलँडचे हृदयरोगतज्ज्ञ लेनर्ड शेर्लिस यांनी १९६३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनची सीपीआर समिती सुरू केली व त्याच वर्षी संघटनेने या पद्धतीला मान्यता दिली. १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेतून पहिली प्रमाणित तत्त्वे निघाली, परंतु प्रशिक्षणाची शिफारस वैद्यकीय व संबंधित व्यावसायिकांपुरतीच राहिली. सामान्य जनतेने हे शिकावे, असे १९७३ च्या दुसऱ्या परिषदेने ठरविले व ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘कोणीही, कोठेही’ या १९६० च्या आश्वासनाला अधिकृत शिक्का मिळण्यास चौदा वर्षे लागली.

बदलते आकडे

यानंतरच्या मार्गदर्शक तत्त्वांचा इतिहास मुख्यतः आकड्यांचा आहे आणि डॉक्टरांच्या ज्ञानाचा प्रश्न याच आकड्यांत अडकलेला आहे. १९७४ च्या तत्त्वांत दोघे मिळून करीत असल्यास मिनिटाला साठ दाब व दर पाच दाबांमागे एक श्वास, एकटा असल्यास मिनिटाला ऐंशी या गतीने पंधरा दाब व दोन श्वास, असे दोन हिशेब होते. १९८६ मध्ये गती ऐंशी ते शंभर झाली. २००० मध्ये शंभर, आणि एक असो वा दोन, प्रमाण पंधरास दोन. २००५ मध्ये तीसास दोन. २०१० मध्ये किमान शंभर, खोली किमान पाच सेंटिमीटर आणि क्रमही उलटा : आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती, हा पिढ्यांनी पाठ केलेला क्रम सोडून आधी छाती. २०१५ मध्ये खोली पाच ते सहा सेंटिमीटर व गती १०० ते १२०. म्हणजे १९६० ची साठ ही गती पंचावन्न वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली आणि ग्यॉटिंगेनच्या साहाय्यकाने १८९१ मध्ये अस्वस्थतेच्या भरात गाठलेल्या आकड्यापाशी येऊन पोहोचली.

औषधांबाबतही हेच. सोडियम बायकार्बोनेट व कॅल्शियम एके काळी सर्रास दिले जाई. १९८६ मध्ये त्यांचा सरसकट वापर थांबविण्यात आला. अ‍ॅड्रेनॅलिन टिकले. परंतु ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले तेव्हा दिसले की, तीस दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ते दिल्यास ३.२ टक्के व न दिल्यास २.४ टक्के होते. मात्र वाचलेल्यांत मेंदूची गंभीर हानी झालेल्यांचे प्रमाण औषध दिलेल्या गटात अधिक होते.

या पार्श्वभूमीवर एखाद्या ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञाने पाहणीत ‘पंधरास दोन’ असे उत्तर लिहिले तर ते चुकीचे ठरते हे खरे. परंतु ते त्याच्या विद्यार्थिदशेतील बरोबर उत्तर असते. त्याचे अज्ञान हे बहुधा कालबाह्य ज्ञान असते. फरक महत्त्वाचा आहे, कारण कालबाह्य ज्ञानासोबत खात्री असते आणि खात्री असलेला माणूस वर्गात जाऊन बसत नाही.

त्यात तज्ज्ञतेचीही भर पडते. कॅथेटर-कक्षात फिब्रिलेशन सुरू झाले तर यंत्र शेजारीच असते, काही सेकंदांत झटका देता येतो व प्रश्न मिटतो. दीर्घकाळ छाती दाबण्याची वेळ येते ती अन्य दालनांत, आणि तेथे हात असतात ते निवासी डॉक्टरांचे व परिचारिकांचे. हृदयाविषयी ज्याला सर्वाधिक ठाऊक त्याच्या हातांना या कामाचा सराव सर्वात कमी, अशी विसंगती यातून संभवते.

ज्ञानाची मोजणी

१९९० च्या दशकापर्यंत पुनरुज्जीवनाचे यशापयश रुग्ण वाचला की नाही यावरून ठरे. प्रत्यक्ष कृती कशी झाली हे कोणी मोजीत नसे. नॉर्वेतील उटस्टाइन मठात १९९० मध्ये जमलेल्या अभ्यासकांनी नोंदींची समान पद्धत आखली. १९९२ मध्ये विविध देशांच्या परिषदांचा समन्वय करणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. मग एकेका गृहीतकाची तपासणी सुरू झाली.

प्रथम नाडी. गळ्याची नाडी पाहून हृदय थांबल्याचे ओळखावे, हा पायाभूत नियम होता. १९९६ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले की, प्रशिक्षित माणसांनाही थोडक्या वेळात नाडी आहे की नाही हे विश्वासाने सांगता येत नाही. २००० च्या तत्त्वांनी सामान्य नागरिकांसाठी नाडी पाहण्याची पायरीच काढून टाकली आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांना दहा सेकंदांची मर्यादा घातली. नाडी पाहावी की नाही, या हैदराबादच्या वादाला असेही एक वळण मिळाले.

नंतर श्वास. मिल्वॉकी येथील रुग्णवाहिकांवरील निरीक्षणांत, २००४ साली, प्रशिक्षित कर्मचारी मिनिटाला सरासरी तीस श्वास देत असल्याचे आढळले. तत्त्वांत सांगितले होते त्याच्या हे दुपटीच्या आसपास. अतिरिक्त श्वासांनी छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. २००५ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. स्टॉकहोम, लंडन व नॉर्वेतील आकेर्सहुस येथील १७६ रुग्णांच्या नोंदींत, रक्ताभिसरण थांबलेल्या अवधीपैकी ४८ टक्के वेळ छाती दाबलीच जात नव्हती. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयातील ६७ रुग्णांत, म्हणजे जेथे डॉक्टर उपस्थित होते अशा ठिकाणी, तपासलेल्या कालखंडांपैकी ३७.४ टक्क्यांत दाब उथळ होते, २८.१ टक्क्यांत गती नव्वदच्या खाली होती आणि ६०.९ टक्क्यांत श्वास गरजेपेक्षा अधिक होते. त्यांना लेखी परीक्षेत विचारले असते तर अनेकांनी बरोबर उत्तर दिले असते. प्रश्नपत्रिकेवर आधारलेल्या पाहण्यांची मर्यादा येथे स्पष्ट होते. ठाऊक असणे आणि धडधडत्या क्षणी हातून घडणे यांत अंतर आहे, आणि प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच कौशल्य ओसरू लागते.

या मोजमापांचा परिणाम तत्त्वांच्या स्वरूपावर झाला. तीसास दोन हे २००५ चे प्रमाण माणसांवरील चाचणीतून निघालेले नव्हते. ते तज्ज्ञांच्या सहमतीने ठरले आणि त्यामागे दाबांतील खंड कमी व्हावा याबरोबरच शिकविण्यास व आठवण्यास एकच आकडा असावा, हाही विचार होता. अ‍ॅरिझोनाचे हृदयरोगतज्ज्ञ गॉर्डन युई यांनी तर आकस्मिक हृदयस्तंभात सुरुवातीस श्वास देऊच नयेत, छाती अखंड दाबावी, असा आग्रह धरला. प्रत्येक खंडात हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतील दाब कोसळतो व तो पुन्हा चढविण्यास अनेक दाब खर्ची पडतात, हा त्यांचा प्रायोगिक आधार होता. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अप्रशिक्षित प्रत्यक्षदर्शींसाठी केवळ हातांनी करावयाची पद्धत मान्य केली.

भारतातील स्थिती

भारतात या विषयाची धुरा प्रामुख्याने भूलतज्ज्ञांनी वाहिली, हे येथवरच्या इतिहासाशी सुसंगतच आहे. त्यांच्या भारतीय नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वैद्यकीय, दंतवैद्यकीय, होमिओपॅथी व परिचर्या शाखांतील विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी, डॉक्टर व अध्यापक मिळून १,०५४ जणांना मूलभूत जीवरक्षणावर प्रश्न विचारले गेले. सर्व उत्तरे बरोबर देणारा एकही निघाला नाही. ऐंशी टक्क्यांच्या वर गुण मिळविणारे दोघे होते. सुमारे ८५ टक्के जणांना निम्मेही गुण मिळाले नाहीत. त्या काळी असे प्रशिक्षण पदवी अभ्यासक्रमात सर्वत्र सक्तीचे नव्हते, हे ध्यानात घेतले तर निकालाचे आश्चर्य वाटत नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या प्रारंभी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली व गाडीवर डॉक्टर असण्याची तजवीज करण्यात आली, तेव्हा हाच प्रश्न रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आला. गाडी पोहोचेपर्यंत घरातल्या माणसांनी काय करावे, हा त्याचा दुसरा भाग होता.

भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली देशी मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत तीन स्तर आहेत : सामान्य नागरिकांसाठी, रुग्णालयाबाहेरील डॉक्टरांसाठी आणि रुग्णालयातील चमूसाठी. नागरिकांच्या स्तरातून तोंडाने श्वास देणे पूर्णतः वगळले आहे. ओळखा, मदत बोलवा, छाती दाबा, रुग्णालयात न्या, एवढेच सांगितले आहे. परदेशी तत्त्वांचे भाषांतर करण्याऐवजी येथील रुग्णवाहिकांची उपलब्धता, अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोच आणि शिकविण्यास मिळणारा तुटपुंजा वेळ यांचा विचार त्यामागे दिसतो. १७४० ची पॅरिसची शिफारस येथे दुसऱ्यांदा बाजूला ठेवली गेली, या खेपेस मोजूनमापून.

२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात प्रथमोपचार व मूलभूत जीवरक्षण यांचा समावेश प्रवेशानंतरच्या पायाभूत वर्गात करण्यात आला आहे. त्यामुळे आजचा विद्यार्थी हृदयाची रचना शिकण्यापूर्वीच बाहुलीच्या छातीवर हात ठेवतो, आणि पुढे त्यांपैकी जे हृदयरोगतज्ज्ञ होतील त्यांचा हा पहिला धडा त्या वेळी किमान बारा-तेरा वर्षे जुना झालेला असेल.